पुलावरच्या यंत्राला जागे कोण ठेवणार?

(इटारसी येथे रेल्वे व टपाल कामगारांच्या संयुक्त अभ्यासवर्गात एका रेल्वे युनियनच्या सचिवांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर आमच्या नावापुढे "बिनतारी मापन यंत्रे : उभारणी आणि वीजपुरवठा" असा जड विषय छापलेला आहे. तो वाचून मागच्या बाकावरची काही मंडळी चहाला निघण्याच्या तयारीत दिसतात. त्यांनी जरा थांबावे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. रेल्वेत आम्ही भरती झालो ते सिग्नल खात्यात खलाशी म्हणून, बॅटरीच्या खोलीत डिस्टिल्ड वॉटरचे कॅन वाहायला. इंजिनियरची भाषा आम्हाला येत नाही, आणि इथे ती बोलायचीही नाही. पगार, बढती, पेन्शन यांवर आपण दोन दिवस बोललो. आता ज्या गोष्टीवर आपला आणि गाडीतल्या हजार प्रवाशांचा जीव टांगलेला आहे, तिच्यावर तासभर बोलू.

हा विषय इटारसीतच बोलायला हवा. इथून खांडव्याकडे जाताना हरदा लागते. ४ ऑगस्ट २०१५ च्या रात्री भिरिंगी स्टेशनाजवळ माचक नदीपाशी पुराच्या लोंढ्याने रुळांखालची खडी आणि भराव वाहून नेला. मुंबईहून वाराणसीला निघालेली कामायनी एक्सप्रेस आणि मुंबईकडे येणारी जनता एक्सप्रेस, दोन्ही गाड्या तिथे घसरल्या. तीसच्या आसपास माणसे दगावली. अपघाताच्या काही मिनिटे आधी त्याच रुळांवरून गाड्या सुखरूप गेल्या होत्या, असे तेव्हा रेल्वेच्या वरिष्ठांनी सांगितले. म्हणजे पाणी चढायला तास लागले नाहीत. आंध्रात वेलिगोंडा येथे २९ ऑक्टोबर २००५ रोजी असेच घडले. तिथे शंभरावर माणसे गेली.

हे आकडे आम्ही भीती घालायला सांगत नाही. पाण्याची खबर पाण्याच्या आधी स्टेशनात पोहोचली पाहिजे, एवढेच सांगायचे आहे. ती खबर आजवर आपला गस्तवाला पोहोचवत आला. आता त्याच्या जोडीला यंत्र आले आहे.

यंत्र काय आहे?

उत्तर मध्य रेल्वेने केन, बेतवा आणि यमुना या नद्यांच्या पुलांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रे बसवली. कोकण रेल्वेवर माणगाव-वीर दरम्यान काळ नदी, वीर-सापे वामने दरम्यान सावित्री आणि चिपळूण-कामथे दरम्यान वाशिष्टी, या तीन ठिकाणी पुराची सूचना देणारी यंत्रणा आहे. पानवलचा उंच पूल, मांडवी, जुवारी आणि शरावती या चार पुलांवर वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रे आहेत. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्टीने धोक्याची पातळी ओलांडली, तेव्हा चिपळूण-कामथे दरम्यानची वाहतूक थांबवली गेली. यंत्र कामाचे आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. आमची युनियन यंत्राच्या विरोधात नाही, हे इथेच स्पष्ट करतो. उद्या कोणी बाहेर जाऊन उलटे सांगायला नको.

ते दिसते कसे? पुलाच्या खांबावर खाली तोंड करून एक डबी बसवलेली असते. ती पाण्यावर लहरी सोडते, लहर परत यायला किती वेळ लागला ते मोजते, आणि त्यावरून पाणी किती खाली आहे ते काढते. डबीपासून एक वायर निघून खांबावरच्या पेटीत जाते. पेटीत नोंद ठेवणारे एक कार्ड, मोबाइलचे सिम घातलेला एक मोडेम आणि एक बॅटरी असते. वर सौर पट्टी आणि अँटेना. दर पंधरा मिनिटांनी किंवा ठरलेल्या वेळी ही पेटी आकडा पाठवते आणि पाणी धोक्याच्या खुणेवर गेले की साहेबांच्या फोनवर संदेश जातो.

टपालातल्या बांधवांना हे नवे वाटायचे कारण नाही. २०१७ साली दर्पण योजना आली आणि खेड्यातल्या शाखा डाकघरात सिमवर चालणारे यंत्र आणि सौर पट्टी आली. रेंज मिळावी म्हणून यंत्र घेऊन टेकडी चढणारे ग्रामीण डाक सेवक आपण सर्वांनी पाहिले आहेत. पुलावरची पेटी टेकडी चढू शकत नाही, एवढाच फरक.

तीन दिवस गप्प

आता आमच्या एका विभागातली गोष्ट सांगतो. पुलाचे, विभागाचे, ठेकेदाराचे नाव घेणार नाही. ज्यांना कळायचे त्यांना कळेल.

पेटी मार्चमध्ये बसली. फोटो निघाले, बिल पास झाले. उन्हाळाभर कंट्रोलच्या पडद्यावर आकडा हिरव्या रंगात येत राहिला. जुलैत झड लागली. तिसऱ्या रात्री आमचा एक गस्तवाला आपल्या बीटवरून पुलाशी आला, तेव्हा कंदिलाच्या उजेडात त्याला खांबावरची धोक्याची लाल खूण दिसेना. खूण पाण्याखाली गेली होती. पडद्यावर मात्र पाणी खुणेच्या अडीच मीटर खाली, हिरव्या रंगात. तो आकडा तीन दिवसांपूर्वीचा होता. पेटी केव्हाच मेली होती, आणि पडदा तिचा शेवटचा शब्द धरून बसला होता.

गस्तवाल्याने नियमाप्रमाणे केले. लाल दिवा दाखवत तो धावला, ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावले. मालगाडी थांबली. सकाळी पाणी उतरल्यावर पाहिले तर पुलाच्या एका टोकाची खडी सरकली होती.

पुढे काय झाले? त्याला शाबासकी मिळाली असेल असे तुम्हाला वाटेल. त्याला मेमो मिळाला. गस्तवाल्याच्या गळ्यात आता जीपीएसचे यंत्र असते. त्या रात्री ते चाळीस मिनिटे बंद होते. का बंद होते, याचा खुलासा मागितला. बॅटरी संपली होती, दुसरे काय? माणसाच्या गळ्यातली बॅटरी चाळीस मिनिटे संपली तर जाब माणसाला. पुलावरची बॅटरी तीन दिवस संपली तर जाब कोणाला? या प्रश्नाला त्या दिवशी कोणाकडे उत्तर नव्हते. युनियनने प्रकरण वर नेले, मेमो मागे घेतला गेला. पण प्रश्न तसाच उभा राहिला, म्हणून आज इथे बोलतो आहोत.

मिळकत आणि खर्च

दुसऱ्या दिवशी ती पेटी उघडायला आम्ही स्वतः हजर होतो. आत काय सापडले ते सांगतो, कारण जे तिथे चुकले तेच देशभर चुकू शकते.

सौर पेटीचे गणित कामगाराच्या घरासारखे असते. पट्टी ही मिळकत, मोडेम हा खर्च आणि बॅटरी ही बचत. मिळकत रोज येत नाही, खर्च मात्र रोज असतो. झडीच्या दिवसांत घर बचतीवरच चालते.

समजा, मोजणारी डबी आणि कार्ड मिळून २० मिलिअँपिअर खातात, आणि ते चोवीस तास चालू. मोडेम जागा असला की २०० मिलिअँपिअर खातो. त्याला दर पंधरा मिनिटांत दोनच मिनिटे जागे केले आणि बाकी वेळ झोपवले, तर त्याचा सरासरी खर्च २७ मिलिअँपिअरच्या आसपास पडतो. एकूण ४७. चोवीस तासांना सव्वा अँपिअर-अवरपेक्षाही थोडे कमी. आता तोच मोडेम चोवीस तास जागा ठेवला तर खर्च २२० मिलिअँपिअर, म्हणजे दिवसाला सव्वापाच अँपिअर-अवर. चौपटीहून अधिक.

बॅटरी २६ अँपिअर-अवरची. शिसे-आम्लाची बॅटरी निम्म्याखाली वारंवार उतरवली तर ती लवकर मरते, म्हणून हाताशी धरायचे १३. काटकसरीच्या घरात ही बचत एक पैसा मिळकत न येताही अकरा दिवस पुरते. उधळ्या घरात अडीच दिवस.

आमच्या पेटीत मोडेम चोवीस तास जागा ठेवलेला होता. का? साहेबांना वाटेल तेव्हा फोनवर आकडा पाहता यावा म्हणून. पट्टी २० वॉटची. स्वच्छ उन्हात दिवसाला पाच तास पूर्ण ऊन धरले, तर घट वजा जाऊन सहा-एक अँपिअर-अवर मिळतात. म्हणजे उन्हाळ्यात मिळकत खर्चाला जेमतेम पुरत होती. झडीत ऊन नाही, मिळकत अगदी तुटपुंजी, आणि तीन दिवसांत दिवाळे. यात आश्चर्य काहीच नाही. मार्चमध्येच कागदावर पाच मिनिटांचे गणित केले असते तर दिवाळ्याची तारीख सांगता आली असती.

यातली मेख लक्षात घ्या. नदी चढते तेव्हा आकडा जास्त वेळा यायला हवा, आणि नेमके तेव्हाच ऊन नसते. खर्चाचा आणि दुष्काळाचा महिना एकच. म्हणून पट्टी आणि बॅटरी यांचा हिशोब मे महिन्यावर नव्हे, जुलैच्या सर्वांत वाईट आठवड्यावर करावा लागतो.

बसवताना काय पाहावे

आपल्यापैकी जे सिग्नल, दूरसंचार, पूल किंवा वीज खात्यात आहेत, त्यांना हे काम कधी ना कधी सांगितले जाईल. निदान ठेकेदाराचे काम तपासून सही करायला तरी सांगतील. सही करण्याआधी काय पाहायचे ते आम्ही आमच्या चुकांतून शिकलो, ते असे :

पट्टीचे तोंड दक्षिणेला हवे आणि कल साधारण त्या गावाच्या अक्षांशाइतका. मुंबईला एकोणीस अंश, नागपूरला एकवीस. सपाट ठेवली तर धूळ आणि पक्ष्यांची घाण पावसाने धुतली जात नाही, तिथेच थापते. पट्टीवर सावली पडता कामा नये. मार्चमध्ये पानगळ झालेले झाड जुलैत छत्रीसारखे पसरते. आमच्या पुलाजवळ तेच झाले होते. पट्टीच्या एका कोपऱ्यावर सावली पडली तरी सगळ्या पट्टीची मिळकत घसरते, हे अनेकांना माहीत नसते.

वायर जाड हवी. वीस मीटरवर पेटी असेल तर वीज जाऊन येऊन चाळीस मीटर चालते. अर्ध्या चौरस मिलिमीटरची बारीक वायर वापरली आणि मोडेमने बोलताना एक अँपिअर ओढला, तर वाटेतच जवळजवळ दीड व्होल्ट गळतो. बॅटरीपाशी बारा, यंत्रापाशी साडेदहा. यंत्र बंद पडते. बंद पडले की भार जातो, व्होल्ट पुन्हा बारा होतात, यंत्र चालू होते, बोलायला जाते आणि पुन्हा बंद पडते. माणूस मल्टिमीटर लावतो तेव्हा बारा दिसतात आणि तो "बॅटरी ठीक" लिहून जातो. अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर गळती पाव व्होल्टच्या आसपास राहते. म्हणून व्होल्ट नेहमी यंत्र बोलत असताना आणि यंत्राच्या टोकाशी मोजायचे.

भार नसताना भरलेली बॅटरी १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उतरलेली १२.१ च्या आसपास, आणि ११.८ म्हणजे रिकामी. आमच्या पेटीतली दहाच्या खाली होती. इतकी उतरून पडलेली बॅटरी पुन्हा भरली तरी ताकद धरत नाही. ती बदलावीच लागते. उन्हात तापणाऱ्या बंद लोखंडी पेटीत तर दर आठ-दहा अंश वाढीला तिचे आयुष्य निम्मे होते. पेटीवर पांढरा रंग आणि वर छज्जा, एवढ्या साध्या गोष्टीने वर्ष-दीड वर्षाचा फरक पडतो.

वायर पेटीत खालून शिरली पाहिजे, आणि शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला पाहिजे, म्हणजे पाणी झोळातून ठिबकून जाते. आमच्या पेटीत वायर वरून घेतली होती. आत पाणी, पाण्यात मुंग्या, आणि जोडांवर हिरवा गंज. आणि हसू नका, पण बॅटरीची पेटी खांबावर कुठे होती? धोक्याच्या खुणेपासून हातभर वर. पुराची खबर द्यायची पेटी पुरातच बुडणार होती!

पुलावर गाडी गेली की सगळे थरथरते. साधे नट महिन्यात ढिले होतात. लॉक नट हवेत. गर्डरला कोणी भोक पाडू लागला तर तिथेच थांबवा. पूल शाखेच्या लेखी परवानगीशिवाय ते करायचे नाही, क्लॅम्प लावायचा. विजांच्या मोसमात उघड्या पुलावर अँटेना ही सर्वांत उंच काडी असते. तिला चांगली अर्थ आणि लाटरोधक हवा. जिथे वरून २५,००० व्होल्टची तार जाते, तिथे रुळांजवळची प्रत्येक लोखंडी वस्तू नियमाप्रमाणे जोडलेली आणि अर्थ केलेली हवी.

शेवटची गोष्ट सिमची. पेटीतली बॅटरी धडधाकट असली तरी ज्या मोबाइल टॉवरशी ती बोलते त्याची वीज गेली तर काय? २०२१ च्या पुरात चिपळुणात वीज गेली, मोबाइल बंद पडले. म्हणजे जेव्हा खबर हवी तेव्हाच रस्ता बंद. जिथे रुळांच्या कडेने रेल्वेची स्वतःची केबल आहे, तिथे खबर जवळच्या स्टेशनापर्यंत आपल्याच वाटेने जावी. केबल पुलापाशी घेता येत नसेल तर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा परवाना न लागणारा छोटा रेडिओ स्टेशनापर्यंत चालतो, मात्र मधे झाडी आणि वळण नको, अँटेना उंच हवी. सिम ही दुसरी वाट असावी, एकमेव नव्हे.

सिग्नल खात्याचा जुना धडा

हे सगळे नीट केले तरी एक दिवस बॅटरी संपणारच. वस्तू आहे, संपणार. प्रश्न असा की ती संपल्यावर काय दिसते?

१८७२ साली अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. त्याची खुबी आपल्यातला साधा खलाशीही ओळखतो. रुळांतून सतत वीज वाहते आणि ती वीज एका रिलेला उचलून धरते. गाडी आली की रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. पण बॅटरी संपली तरीही रिले पडतो आणि सिग्नल लाल होतो. वायर तुटली, रूळ तुटून वीज अडली, तरीही लाल. हिरवा दाखवायला वीज लागते. लाल दाखवायला काही लागत नाही. दीडशे वर्षे रेल्वे या एका नियमावर सुरक्षित चालली.

आपल्या गस्तवाल्यालाही हाच नियम आहे. पावसाळ्याच्या रात्री तो ठरलेल्या वेळेत स्टेशनात पोहोचला नाही, तर मास्तर असे म्हणत नाही की, काल तर सगळे ठीक होते. तो पुढच्या गाडीला सावधानतेचा हुकूम देतो आणि माणसाचा तपास करतो. म्हणजे माणूस गप्प झाला, तर त्याचा अर्थ धोका.

मग पुलावरची पेटी गप्प झाली तर पडदा हिरवा का? कारण ती पेटी सिग्नलच्या नियमाने बनवलेली नाही. ती पाण्याच्या टाकीवर किंवा शेतातल्या विहिरीवर बसवतात त्याच जातीची आहे. तिथे एक दिवस आकडा चुकला तर फार तर टाकी वाहते. इथे गाडी वाहते. कवच या यंत्रणेला सुरक्षिततेची सर्वांत वरची पातळी, सिल-४, लावलेली आहे. मग पाण्याच्या पेटीने निदान ट्रॅक सर्किटाचा पहिला धडा तरी शिकू नये काय?

करायला हे फार सोपे आहे. पेटीने पाणी चढो न चढो, दर पंधरा मिनिटांनी हजेरी द्यावी. हजेरीसोबत बॅटरीचे व्होल्टही पाठवावेत. दोन हजेऱ्या चुकल्या की पडद्यावरचा हिरवा रंग जाऊन लाल यावा, भोंगा वाजावा, आणि मास्तरने तो पूल धोक्यात समजून गाडी सावधानतेने सोडावी, गस्तवाल्याला पाठवावे. व्होल्ट १२.१ च्या खाली गेले की त्याच दिवशी माणूस बॅटरीपाशी जावा. आमच्या पुलाच्या पेटीने झडीच्या दुसऱ्या दिवशी हे सांगितले असते, तर तिसरी रात्र आलीच नसती.

माणूस कुठे आहे?

"माणूस जावा" असे आम्ही म्हणालो. कोणता माणूस? इथे युनियनचे काम सुरू होते.

पेटी बसवणारा ठेकेदार वर्ष-दोन वर्षांनी निघून जातो. त्याच्याकडे काम करणारी मुले रोजंदारीची. त्यांना पुलावर चढताना पट्टा नाही, गाडी येते का पाहायला दुसरा माणूस नाही, आणि वरच्या तारेपासून २ मीटरच्या आत पॉवर ब्लॉकशिवाय जायचे नसते, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. आमच्याच डोळ्यांदेखत एक मुलगा अँटेनाची ॲल्युमिनियमची नळी उभी करीत होता आणि वर तार होती. आम्ही ओरडलो म्हणून तो वाचला. तो आपला सभासद नाही म्हणून आपण गप्प बसायचे काय?

आणि ठेकेदार गेल्यावर? सिग्नलवाला म्हणतो पेटी इंजिनियरिंगची, इंजिनियरिंगवाला म्हणतो वायर आणि रेडिओ दूरसंचाराचे, दूरसंचारवाला म्हणतो बॅटरी वीज खात्याची. प्रत्येकाचे म्हणणे खरे आणि बॅटरी रिकामी.

याच वेळी दुसऱ्या टेबलावर वेगळे गणित चालते : पुलावर यंत्र आले, आता तिथे पावसाळी पहारेकरी कशाला? दोन बीट एक का करू नयेत? बांधवांनो, आमच्या गोष्टीत गाडी कोणी थांबवली ते विसरू नका. यंत्र फक्त पाण्याची पातळी सांगते. खडी सरकली, भराव खचला, झाड आडवे पडले, दरडीतून दगड सुटला, हे पातळी मोजणाऱ्या डबीला दिसत नाही. २००३ साली वैभववाडीजवळ आणि २००४ साली करंजाडीजवळ कोकण रेल्वेवर जे अपघात झाले, ते दरडीतून रुळांवर आलेल्या दगडांनी झाले. नदीच्या पाण्याने नव्हे. एक यंत्र एक गोष्ट पाहते. चालणारा माणूस सगळे पाहतो.

म्हणून आमचे म्हणणे आम्ही ठरावाच्या रूपाने आपल्यासमोर ठेवतो. पी.एन.एम. च्या बैठकीत हे मुद्दे नेण्यासाठी आपापल्या शाखेत यावर चर्चा करावी.

एक, पुलावरच्या प्रत्येक यंत्राची हजेरी चुकली तर तो धोका समजावा आणि गाडी सावधानतेने सोडावी. तसा लेखी हुकूम स्टेशनाच्या कामकाज नियमांत यावा.

दोन, प्रत्येक पेटीच्या वीजपुरवठ्याची जबाबदारी एका खात्याकडे आणि एका पदाकडे नावानिशी असावी. पेटीच्या झाकणाच्या आत कार्ड लावावे : बॅटरी कधी बसवली, व्होल्ट किती, कोणी तपासले. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला.

तीन, या कामासाठी मंजूर पदे द्यावीत. आहे त्या माणसाच्या डोक्यावर आणखी वीस पेट्या घालून नव्हे. आणि त्या माणसाला रीतसर प्रशिक्षण द्यावे.

चार, ठेकेदाराच्या कामगाराला पट्टा, टोपी, गाडी पाहणारा माणूस, पॉवर ब्लॉक आणि भविष्य निर्वाह निधी मिळाल्याशिवाय त्याचे बिल पास होऊ नये.

पाच, यंत्राच्या नावावर एकही गस्तीचा बीट कमी होऊ नये. आणि गस्तवाल्याच्या गळ्यातल्या यंत्राला जोडीची भरलेली बॅटरी प्रशासनाने द्यावी. तिच्या बंद पडण्यावरून मेमो देऊ नये.

टपालातल्या बांधवांनी दुसरा आणि तिसरा मुद्दा आपल्याही मागणीपत्रात घालावा. डाकघरातले यंत्र पावसाळ्यात बंद पडले की म्हातारी पेन्शनविना परत जाते आणि शिव्या डाक सेवकाला खाव्या लागतात. तिथेही पट्टी कोण पुसणार, बॅटरी कोण बदलणार, याचे उत्तर कागदावर नसेल तर ते शेवटी कामगाराच्या माथी येते.

समारोप करतो. तो गस्तवाला अजून नोकरीत आहे. परवा भेटला तेव्हा आम्ही विचारले, पुलावरच्या पेटीचे काय? म्हणाला, "आता चालू आहे साहेब. रोज रात्री तिच्याखालून जाताना दिवा लागलेला आहे का ते मी बघतो. तेवढेच आपले काम." त्याच्या बीटबुकात हे काम लिहिलेले नाही. त्याचा पगार त्याला मिळत नाही. तरी तो बघतो. देशाची रेल्वे अशा माणसांवर चालते. पण बांधवांनो, त्याची सुटी असते, त्याची निवृत्ती येते. त्याने आपखुशीने केलेले काम नियमात लिहून घेणे, त्याला पद आणि पगार मिळवून देणे, हेच आपल्या युनियनचे काम आहे.



कामगार एकजुटीचा विजय असो!